गोळी सोडली, पुढं काय?



आजचा विषय आपण गटाच्या बैठकीत काढत नाही. बैठक उठल्यावर, दारात चपला घालताना हळूच काढतो. "बाई, मी गोळी बंद केली. आता काय करू वो?" इतक्या जणींनी हे विचारलं की आम्ही म्हटलं, एकदा रेडिओवरच बोलून टाकू.

गोळी म्हणजे माला-एन, आशाताईकडून मिळते ती रोजची. ती सोडायची कारणं खरी असतात. कोणाला मळमळतं, कोणाचं डोकं दुखतं, कोणी संत्रा तोडायला पहाटेच निघते आणि गोळी राहून जाते. रक्तदाब वाढलेला निघाला तर डॉक्टरच बंद करायला लावतात, आणि ते बरोबर आहे. टीबीच्या काही औषधांनी गोळीचा असर कमी होतो, तेव्हाही दुसरं साधन लागतं. तेव्हा गोळी सोडली म्हणून कोणी कोणाला बोल लावू नये.

पण एक समज आपल्याकडे फार पक्का आहे. "इतकी वर्षं गोळी खाल्ली, तिचा असर सहा महिने तरी अंगात राहते." नाही राहत. गोळी थांबली की दिवस राहण्याची शक्यता लगेच सुरू होते, पुढची पाळी यायच्या आधीसुद्धा. पहिले एक-दोन महिने पाळी मागेपुढे होऊ शकते. पण लांबली म्हणजे गोळीचाच परिणाम, असं धरून बसू नका. आशाताईकडे निश्चय किट असते, तपासून घ्या. डॉक्टरांनी ताबडतोब बंद करायला सांगितलं नसेल, तर हातातलं पाकीट पूर्ण करा आणि तेवढ्यात नवं साधन ठरवा. मधल्या दिवसांना निरोध आहेच.

ठरवताना आधी स्वतःलाच विचारायचं की अजून मूल हवं का, आणि हवं तर केव्हा?

चार-पाच वर्षं तरी नको, असं ज्यांचं नक्की आहे त्यांना तांबी सोयीची. एक पाच वर्षांची असते, एक दहा वर्षांची. बसवली त्या दिवसापासून काम करते आणि काढली की पुन्हा दिवस राहू शकतात. ती वर चढून काळजात जाते, हे आपण आजीपासून ऐकत आलो. तसं होत नाही. मात्र पहिले काही महिने पाळीत रक्त जास्त जातं आणि ओटीपोटात दुखतं. ज्यांच्या अंगावरून आधीच जास्त जातं, किंवा रक्त कमी आहे, त्यांनी हे नर्सताईला आधीच सांगावं.

अंतरा म्हणजे दर तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन. घरात कोणाला दिसत नाही, म्हणून पुष्कळ जणींना ते पटतं. पाळी अनियमित होते, कधी थांबूनही जाते. ते रक्त आत साचत नाही, त्याची भीती नको. इंजेक्शनची जागा चोळायची नाही, शेकायची नाही. पण वर्षभरात मूल हवं असेल तर अंतरा नको, कारण शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात. रक्तदाबामुळं गोळी सुटली असेल, तर अंतराच्या आधीही डॉक्टरांनी तपासायला हवं.

छाया ही गोळीच, पण रोजची नाही आणि तिच्यात हार्मोन नाहीत. लखनौच्या सरकारी संशोधन संस्थेत तयार झालेली. पाळीच्या पहिल्या दिवशी सुरू करायची, तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते. कावीळ झाली असेल किंवा अंडाशयात गाठी असतील तर ती घेऊ नये.

आणि मूल नकोच असेल तर? तर आपल्याकडे एकच वाट ठरलेली असते, बाईचं ऑपरेशन. सासू म्हणते, शेजारीण म्हणते, कधीकधी आपणच म्हणतो. पुरुषाच्या नसबंदीचं नाव काढलं की, "मग वखर कोण धरंल? त्याला कमजोरी येते ना वो!" येत नाही. पोट उघडावं लागत नाही, टाका पडत नाही, थोड्या वेळात माणूस घरी येतो आणि आठवड्याभरानं जड कामालाही लागतो. फक्त पहिले तीन महिने निरोध वापरायचा आणि मग तपासणी करून घ्यायची. बाळंतपणं आपण काढली, गोळ्या आपण खाल्ल्या, तर एवढं घरात म्हणायला काय हरकत आहे? आम्ही म्हणतो, म्हणाच.

या गोष्टी उघड बोलायची किंमत आपल्या आधी कोणी तरी मोजलेली आहे. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. वाचकांच्या प्रश्नांना छापून उत्तरं दिली म्हणून १९३४ मध्ये त्यांच्यावर खटला चालला. त्यांची बाजू कोर्टात बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली होती. आज तीच साधनं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, तरी आपला आवाज दारातल्या चपलांपाशीच.

आपलं गाव तर महदाईसेचं. तिचे धवळे इथलेच, आणि लीळाचरित्रात ती चक्रधरस्वामींना सारखे प्रश्न विचारताना दिसते. तेव्हा दवाखान्यात गेलो की आपणही विचारू: माझा रक्तदाब किती आहे? हे साधन कधीपासून काम करेल, तोवर काय वापरू? काय त्रास झाला तर थांबायचं, आणि काय झालं तर लगेच यायचं? नको वाटलं तर कुठं काढून मिळेल? नर्सताई घाईत असली तर दोन मिनिटं थांबा, पण उत्तर घेऊनच उठा. एकटीला जायला अवघड वाटत असेल तर गटातल्या कोणालाही सांगा. आमच्यातली एक जण सोबत येईल.