कागद अडला कुठे?

घरातली बरीचशी यंत्रे बोलकी असतात. पंखा बिघडला की कुरकुरतो, मिक्सर जळायला आला की वास सोडतो, नळ गळू लागला की रात्रभर टिपटिप ऐकवतो. प्रिंटर मात्र रुसला की मुकाट बसतो. दिवा हिरवा, कागद जागच्या जागी, शाई भरलेली, आणि पान काही येत नाही! आज मी ज्या प्रिंटरविषयी बोलणार आहे तो लिनक्सवर चालणाऱ्या घरगुती संगणकाला जोडलेला आहे. लिनक्स ही मुक्तस्रोत प्रणाली. म्हणजे तिचा मूळ मजकूर कोणालाही वाचता येतो, बदलता येतो, आणि घरी वापरायला बहुधा पैसेही पडत नाहीत. जुना संगणक भंगारात न घालता त्यावर ती चढवणारी पुष्कळ घरे आहेत. आमचे शेजारी त्यांपैकीच.

एके रात्री साडेनऊच्या सुमारास शेजारच्या वहिनी दारात उभ्या. "भाऊजी, जरा येता का? हिचा उद्या पेपर आहे आणि प्रवेशपत्र काही निघत नाहीये."

केंद्र दुसऱ्या गावी, एसटी पहाटेची, आणि कोपऱ्यावरचे झेरॉक्सचे दुकान केव्हाच बंद झालेले. मुलगी रडकुंडीला आली होती. "काका, किती वेळा प्रिंट म्हटलं मी!" तिचे वडील प्रिंटर संगणकातून काढून टाकून पुन्हा नव्याने बसवण्याच्या बेतात होते. मी म्हटलं, "थांबा, आधी कागद अडलाय कुठे ते बघू."

आपण 'प्रिंट' म्हटले की पान तडक प्रिंटरमध्ये जाते अशी आपली समजूत असते. तसे होत नाही. लिनक्समध्ये छपाईचे सारे काम 'कप्स' नावाची व्यवस्था पाहते. मायकेल स्वीट या गृहस्थांनी तिची सुरुवात १९९७ साली केली. पुढे २००७ साली ती अ‍ॅपल कंपनीने घेतली, आणि मॅक संगणकातही हीच व्यवस्था आढळते. आपले पान प्रथम कप्सकडे येते आणि रांगेत उभे राहते. मग त्या पानाचे प्रिंटरला कळेल अशा भाषेत रूपांतर होते. ते करणाऱ्याला आपण ड्रायव्हर म्हणतो. शेवटी एक हरकाम्या ते तारेवरून किंवा वायफायवरून प्रिंटरपर्यंत पोचवतो. म्हणजे वाटेत मुक्काम चार, आणि कागद त्यांतल्या कुठल्याही मुक्कामावर बसकण मारू शकतो. सगळे उपटून पुन्हा लावले म्हणजे कधीकधी जमते, नाही असे नाही. पण कुठे अडले होते याचा पुरावाच त्यात नाहीसा होतो, आणि महिन्याभराने पुन्हा तीच रात्र उभी राहते.

मी शेवटच्या मुक्कामापासून सुरुवात केली. पुष्कळ प्रिंटरांवर एखादे बटण थोडा वेळ दाबून धरले की संगणकाची मदत न घेता ते चाचणीचे पान छापतात. ते छापले गेले. म्हणजे यंत्र ठणठणीत. मग तार. टर्मिनल म्हणून जी काळी खिडकी असते, तिला लोक उगीच भितात, तिच्यात 'एलएसयूएसबी' एवढी अक्षरे लिहिली की संगणकाला काय काय जोडलेले दिसते आहे त्याची यादी मिळते. यादीत प्रिंटर होता. मग रांग. 'एलपीस्टॅट' हा शब्द, एक जागा सोडून उणे चिन्ह आणि त्याला चिकटून टी हे लहान अक्षर. (यातले 'एलपी' म्हणजे लाइन प्रिंटर. एकेक ओळ ठोकत जाणारी ती अवजड यंत्रे गेली, नाव राहिले.)

उत्तर आले. रांगेत सात कामे ताटकळत आहेत, आणि प्रिंटर दुपारी चार वाजून बारा मिनिटांपासून बंद ठेवला आहे.

"दुपारी चारला काय झालं होतं?" मी विचारलं.

"लाइट गेली होती की," वहिनी म्हणाल्या. "हे काहीतरी छापत होते तेव्हाच."

संगणक बॅटरीवर तगला, प्रिंटर मात्र अर्ध्या पानावर विझला. अशा वेळी कप्स पुष्कळदा ती सारी रांगच थांबवून टाकते. तिचे म्हणणे असे की, पलीकडे काहीतरी बिघडले आहे, माणसाने येऊन बघितल्याशिवाय मी पुढचे काम पाठवणार नाही. म्हणणे रास्तच आहे. पण वीज परत आली तरी ही रांग आपण होऊन सुटत नाही. प्रिंटरचे बटण दहा वेळा बंद-चालू केले तरी नाही, कारण थांबला आहे तो प्रिंटर नव्हेच, अलीकडची रांग थांबली आहे. मुलगी 'प्रिंट' म्हणत होती, कप्स मुकाट्याने प्रत्येक पान रांगेत उभे करत होती.

उपाय एका ओळीचा. 'कप्सइनेबल' हा शब्द आणि त्यापुढे प्रिंटरचे नाव. टर्मिनल नको असेल तर ब्राउझरमध्ये 'लोकलहोस्ट', विसर्गासारखी दोन टिंबे आणि ६३१ हा आकडा लिहावा. कप्सचे पान उघडते, तिथे प्रिंटर पुन्हा सुरू करण्याची सोय आहे. लिनक्स मिंटसारख्या प्रणालीत प्रिंटरांच्या खिडकीतही ती मिळते. आधी रांगेतली जादा कामे रद्द करायला हवी होती, ते मी घाईत विसरलो. वडिलांचे दुपारचे अर्धे राहिलेले पान निघाले आणि मागोमाग प्रवेशपत्राच्या सहा प्रती! पाच प्रतींच्या पाठीवर पुढे मुलीने गणिते केली.

या सगळ्यात मला मोलाची वाटली ती चार वाजून बारा मिनिटांची नोंद. यंत्र बोलले नाही, पण व्यवस्थेने लिहून ठेवले होते. याच गोष्टीवरून पूर्वी एक मोठे प्रकरण झालेले आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेत एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेला झेरॉक्स कंपनीचा लेसर प्रिंटर मिळाला. त्यात कागद वारंवार अडके आणि लोक आपापल्या जागी वाट बघत बसत. रिचर्ड स्टॉलमन यांनी आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये अशी सोय करून ठेवली होती की, अडचण आली की वाट पाहणाऱ्यांना संगणकावर सूचना जावी. नव्या प्रिंटरचा मूळ मजकूर मात्र मिळेना. ज्यांच्याजवळ तो होता, त्यांनी गुप्ततेचे वचन दिले होते. त्यांनी नकार दिला. स्टॉलमन हा नकार विसरले नाहीत. १९८३ साली त्यांनी ग्नू ही मुक्त प्रणाली रचण्याचे जाहीर केले, आणि १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा लिहिल्यावर दोहोंची सांगड पडली.

प्रत्येक दुखणे इतके सरळ नसते हेही सांगितले पाहिजे. एचपीच्या लेसरजेट १०२० सारखी काही यंत्रे वीज गेली की आपली अक्कलच विसरतात; चालू झाल्यावर प्रत्येक वेळी संगणकाने त्यांना चालवणारा प्रोग्रॅम पुन्हा पाठवावा लागतो. तो कंपनीचा, मुक्त नव्हे, म्हणून लिनक्समध्ये वेगळा उतरवून घ्यावा लागतो, आणि प्रणाली नवी केली की त्याचीही नवी आवृत्ती घ्यावी लागते. वायफायच्या प्रिंटरचे दुखणे निराळेच. राउटरने त्याला नवा पत्ता दिला आणि रांगेत जुनाच लिहिलेला असला, की पाने गेलेल्या भाडेकरूच्या दारावर थापा मारत राहतात. कोकणातल्या पावसाळ्यात कागद दमट होऊन अडकतो, त्याला मात्र कुठलीही प्रणाली काही करू शकत नाही. गठ्ठा घट्ट बांधून कोरड्या जागी ठेवावा.

दोनएक महिन्यांपूर्वी तीच मुलगी जिन्यात भेटली. "काका, परवा पुन्हा अडला होता प्रिंटर."

"मग? बोलवायचं नाही का?"

"रांग बघितली मी, चालू होती. प्रिंटरवरचा दिवा लुकलुकत होता. कागद ए-फोर घातलेला आणि प्रिंटच्या चौकटीत लेटर निवडलेलं." अमेरिकेतला हा लेटर कागद आपल्या ए-फोरहून सहा मिलिमीटर रुंद आणि अठरा मिलिमीटर आखूड. तो घाला म्हणून प्रिंटर वाट बघत बसला होता.

"मग काय केलंस?"

"आधी रांगेतलं रद्द केलं," ती म्हणाली, "तुमच्यासारखं नाही."