सडपातळ देहातील मेद



आम्ही वैद्य नव्हे; आमचे आयुष्य खडू-फळ्यात गेले. तथापि गतवर्षी सोनोग्राफीत आमच्या यकृतात मेद साचल्याचे निघाले, तेव्हा आम्ही चकित झालो. हातापायांच्या काड्या, मद्यास कधी शिवलो नाही. मग लठ्ठांचा हा रोग आम्हांस कसा?

याचे उत्तर पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच छायाचित्र छापून दिले होते. शेजारी इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, परंतु युडकिनांच्या देहात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२! पुढे २००६ साली अमेरिकेतील येल विद्यापीठाने सडपातळ, निरोगी तरुण तपासले. इन्शुलिनला देहाने न जुमानण्याचा दोष भारतीय वंशाच्या पुरुषांत गोऱ्यांहून पुष्कळच अधिक आढळला, आणि तो दोष असणाऱ्यांच्या यकृतात मेदही गोऱ्यांच्या सुमारे दुप्पट. मधुमेहाची वाट येथूनच फुटते.

‘मुलगा शेलाटा आहे’ म्हणून निश्चिंत असणारे आईबाप आम्ही आपल्या ज्ञातीत पुष्कळ पाहिले, आम्हीही त्यांतलेच. वजनकाटा येथे फसवितो. कमरेस फीत लावावी : आपल्या लोकांत पुरुषांस ९० व स्त्रियांस ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानतात. आमची कंबर ९४ भरली. पोट किंचित पुढे आले होते खरे. ते आम्ही वयाच्या खाती टाकले होते.

आता पंगतीची वेळ झाली आहे. साखरभाताचा आग्रह यंदा आम्हांस करू नये, एवढी व्यवस्थापक मंडळींस विनंती.