रक्तातली सायीची खूण



गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर, समोर काढलेलं म्हशीचं धारोष्ण दूध उभ्या उभ्या पिणाऱ्यांचं गाव म्हणजे कोल्हापूर. इथं दूध आणि हृदय या विषयावर परिषद भरवायची आणि स्वागताध्यक्ष नेमायचा दूध व्यवसायातला, हे धाडसच. तेव्हा माझं बोलणं थोडं पाणी घालूनच ऐका.

रोज दूध किती घेता, असं कुणालाही विचारा; उत्तर येतं, ‘फारसं नाही.’ चहातलं, बासुंदीतलं, वरणावरच्या तुपातलं कोण धरतो? रक्तात मात्र त्याची नोंद राहते. गाई-म्हशींच्या पोटातले जिवाणू विषम कार्बनसंख्येची मेदाम्लं घडवतात. त्यातलं पंधरा कार्बनचं पेंटाडेकॅनॉइक आम्ल दुधाच्या स्निग्धांशाबरोबर आपल्या रक्तात उतरतं.

स्टॉकहोममधल्या साठीच्या 4,150 स्त्री-पुरुषांच्या रक्तात हे आम्ल मोजून पुढं सुमारे 16 वर्षं त्यांच्या प्रकृतीचा मागोवा घेतला गेला. 2021 साली निष्कर्ष आले: ज्यांच्यात ते जास्त, त्यांच्यात हृदय आणि रक्तवाहिन्यांचे विकार कमी. आमच्या धंद्यात यावर पेढेच वाटायचे! पण हा नुसता संबंध आहे. दुधानंच हृदय राखलं, असं त्यातून सिद्ध होत नाही. हेच आम्ल थोडंफार मासळीतूनही येतं. शिवाय खाल्लं ते चीज की लोणी, हे रक्त सांगत नाही, आणि साय काढलेलं दूध तर त्याला जवळपास दिसतच नाही. म्हणून काय खाल्लं ते विचारणारी प्रश्नावली अडगळीत टाकू नका, एवढं मी तज्ज्ञांना धिटाईनं सांगतो.

आणखी एक. स्वीडनमधली माणसं चीज आणि आंबवलेलं दूध भरपूर खातात. आपल्याकडं तूप, खवा आणि त्याच्या जोडीला साखर. रक्तातला आकडा तोच आला, तरी त्यामागचं ताट निराळं. ते ताट इथंच तपासायला हवं. गावोगावच्या दूध संस्थांमधून स्वेच्छेनं रक्त देणारी माणसं मिळवून द्यायला मी झटेन. निष्कर्ष दुधाच्या विरोधात गेले, तरी ते याच व्यासपीठावरून वाचले जावेत, एवढीच माझी अट आहे.

आता पहिल्या सत्राच्या वक्त्यांना वेळ देतो. दुपारी पंगतीला तांबडा-पांढरा रस्सा आहे. दही हवं त्यांनी मागून घ्यावं.