गुरगुरणं हेही बोलणंच असतं

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या गच्चीवर झालेले भाषण, थोडे संक्षिप्त करून)



सेक्रेटरींनी मला विषय दिला, ‘पाळीव प्राण्यांना शिस्त कशी लावावी’. मी म्हटलं, बोलतो, पण आधी माझी चूक सांगेन. शिस्त कशी लावू नये, याचा अनुभव मला जास्त आहे.

आमचा शेरू जुन्या मंडळींना आठवत असेल. पार्किंगमध्ये सापडलेलं तपकिरी पिल्लू, एक कान कायम पडलेला. मोठा झाल्यावर लिफ्टमध्ये कोणी शिरलं की तो गुरगुरायचा. तक्रारी आल्या. मग मी वर्तमानपत्राची गुंडाळी बरोबर न्यायला लागलो. गुरगुरला की फटका. पंधरा दिवसांत गुरगुरणं बंद! लोक म्हणाले, “काका, काय वळण लावलंत!” खोटं कशाला बोलू, मीही खूश होतो.

तीन महिन्यांनी त्याच लिफ्टमध्ये सी विंगमधला सात वर्षांचा मुलगा सायकल घेऊन आत आला. शेरू कोपऱ्यात अडकला. ना आवाज, ना दात दाखवणं. थेट मनगटाला चावला. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुतली, लगेच दवाखान्यात नेलं, लशीचे सगळे डोस झाले. मुलगा बरा झाला. पण त्याच्या आईने मला एकच विचारलं, “तुमचा कुत्रा तर सुधारला होता ना?”

याचं उत्तर मला पशुवैद्यांकडे मिळालं. ते म्हणाले, “गुरगुरून तो सांगत होता की मला भीती वाटतेय, लांब राहा. तुम्ही त्याचं सांगणं बंद केलंत. भीती तशीच राहिली.” म्हणजे मी कुकरची शिट्टी दाबून धरली होती आणि खाली गॅस चालूच ठेवला होता. उलट फटक्यांमुळे लिफ्टमध्ये माणूस आला की मारही मिळतो, हे गणित त्याच्या डोक्यात पक्कं झालं होतं.

कुत्रा गुरगुरण्याच्या आधीही बरंच बोलतो. झोप नसताना जांभई देतो, ओठांवरून जीभ फिरवतो, तोंड वळवतो, अंग ताठ करतो, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागतो. शेपूट हलते म्हणजे आनंदच, असंही नाही. आणि “बघा, चूक केली म्हणून कसा मान खाली घालतोय” हे तर आपण सगळेच म्हणतो. अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या संशोधक बाईंनी याची परीक्षा घेतली आणि २००९ साली ती प्रसिद्ध केली. कुत्र्याने मनाई केलेला खाऊ खाल्ला की नाही, याने चेहऱ्यात फरक पडला नाही. मालक रागावला की तो चेहरा दिसला. आपण ज्याला पश्चात्ताप म्हणतो, ती आपल्या रागावरची प्रतिक्रिया असते. म्हणूनच सकाळी कुरतडलेल्या चपलेबद्दल संध्याकाळी ओरडून काही उपयोग नाही.

मग आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. लिफ्टपासून दहा पावलं लांब उभं राहायचं. दार उघडलं, माणूस दिसला, की लगेच उकडलेल्या चिकनचा छोटा तुकडा. शेरू शांत राहिला तर दुसऱ्या दिवशी एक पाऊल पुढे. कान मागे गेले तर दोन पावलं मागे. घंटेनंतर खाणं येतं हे कळल्यावर कुत्र्याच्या तोंडाला नुसत्या घंटेने पाणी सुटतं, हे पावलोव यांनी शंभर वर्षांपूर्वीच दाखवलं होतं. आमची घंटा म्हणजे लिफ्टचं दार. पाच महिने लागले. तोवर आम्ही जिन्याने गेलो, आणि पट्टा कधी सोडला नाही.

बाकीच्या गोष्टीही याच धर्तीवर. पाहुण्यांच्या अंगावर उडी मारणाऱ्याला ढकललं, ओरडलं, तरी त्याला हवं असलेलं लक्ष मिळतंच. त्यापेक्षा पाठ फिरवा, चारही पाय जमिनीवर आले की त्याच क्षणी शाबासकी द्या. पिल्लू आणलंत तर पहिल्या तीन महिन्यांत त्याला माणसं, आवाज, जिना, लिफ्ट यांची हळूहळू ओळख करून द्या. लशी पूर्ण नसतील तर कडेवर घेऊन. दिवाळीत खिडक्या लावा, पंखा आणि टीव्ही चालू ठेवा, लपायला जागा द्या. त्याला आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण ऐकू येतं. घाबरलेल्याला जवळ घेतलं तर लाडावत नाही.

मुलांनो, खाणाऱ्या किंवा झोपलेल्या कुत्र्याला हात लावू नका. एरवीही आधी मालकाला विचारा.

आता थोडं आपल्याबद्दल. सोसायटीला पाळीव प्राण्यांवर किंवा त्यांच्या लिफ्टच्या वापरावर बंदी घालता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. आम्ही कुत्रेवाले सभेत तो कागद फडकावतो. पण कागद दाखवून शेजाऱ्याची भीती जात नाही. शेजाऱ्याची तक्रार म्हणजेही एक गुरगुरणंच, रागावू नका हं! ती दाबली तर आत साचत राहते. ऐकून घेतली तर वाट निघते. कोणी लिफ्टपाशी थबकलं की “तुम्ही पुढे व्हा, आम्ही नंतर येतो” म्हणायला आपलं काय जातं?

शेरू दोन वर्षांपूर्वी गेला. तो पुन्हा कुणाला चावला नाही. सी विंगमधला तो मुलगा आज दहावीत आहे, समोरच बसलाय. लिफ्टमध्ये कुत्रा असला तर तो अजूनही जिन्याने जातो. बाळा, चूक शेरूची नव्हती, माझी होती. तेव्हा तुझ्या घरी येऊन माफी मागितली होती, आज सगळ्यांसमोर पुन्हा मागतो.