मुंबईच्या दक्षिणेला, खूप खाली

नकाशावर मुंबईवर बोट ठेवा आणि सरळ दक्षिणेकडे न्या. लक्षद्वीप, मालदीव, मग दिएगो गार्सिया. त्यापुढे चार हजारांहून अधिक किलोमीटर नुसतं पाणी. शेवटी ४९ अंश दक्षिण अक्षवृत्तापाशी, जरा पश्चिमेला, फ्रान्सचा केर्गेलेन द्वीपसमूह लागतो. क्षेत्रफळ सुमारे ७,२०० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या जवळजवळ दुप्पट. गाव मात्र एकही नाही, झाडही नाही. बाराही महिने पश्चिमेचा झोंबरा वारा.

इथे धावपट्टी नाही. रेयूनियन बेटावरून ‘मारियों द्युफ्रेन’ नावाचं जहाज वर्षातून मोजक्या वेळा निघतं. क्रोझे, केर्गेलेन आणि आम्स्टरडॅम अशी बेटं घेत ते साधारण महिनाभरात परततं. धान्य, इंधन, टपाल, शास्त्रज्ञ सगळं त्यातूनच येतं. पर्यटकांसाठी थोड्याच जागा असतात. केर्गेलेनवरच्या पोर्त-ओ-फ्रांसे या संशोधन तळावर हिवाळ्यात पन्नासएक माणसं राहतात, उन्हाळ्यात शंभरावर.

१७७२ मध्ये ईव्ह-जोसेफ द केर्गेलेन या फ्रेंच दर्यावर्दीला हा किनारा दिसला. मायदेशी परतून त्याने सुपीक भूमी सापडल्याचं राजाला सांगितलं. दुसऱ्या सफरीत खरं काय ते उघड झालं आणि त्याला तुरुंगात जावं लागलं. १७७६ च्या नाताळात कॅप्टन कुक तिथे पोहोचला. त्याच्या खलाशाला किनाऱ्यावर एक बाटली सापडली. आतल्या चर्मपत्रावर फ्रेंचांनी आपल्या आगमनाची नोंद लॅटिनमध्ये लिहून ठेवली होती.

या उजाड जमिनीवर एक कोबी उगवतो. त्यात क जीवनसत्त्व भरपूर, म्हणून स्कर्व्हीने हैराण झालेले खलाशी तो आवडीने खात. त्याच्या पानांच्या बेचक्यांत एक माशी राहते. तिला पंखच नाहीत! एवढ्या वाऱ्यात उडणारा किडा समुद्रात फेकला जायचा. कोबीचं परागीभवनही कीटकांवर अवलंबून नाही, ते वारा करतो.

हे सगळं विस्कटलं ते जहाजांतून आलेल्या पाहुण्यांमुळे. १८७४ मध्ये, शुक्राचं अधिक्रमण पाहायला ब्रिटिश मोहीम आली त्या वर्षी, इथे ससे सोडले गेले. त्यांनी बघता बघता कोबीचा फडशा पाडला. जिथे ससे पोहोचले नाहीत, अशा कड्यांवर आणि लहान बेटांवर तो टिकून राहिला.

म्हणूनच आज उतरण्यापूर्वी प्रत्येकाचे बूट घासून निर्जंतुक केले जातात. खिसे आणि पिशव्यांचे कोपरे झाडून काढतात. मोज्याला चिकटलेलं गवताचं एक बीसुद्धा चालत नाही. २०१९ मध्ये ही बेटं आणि भोवतालचा समुद्र युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, तेव्हा ही काळजी घ्यायलाच हवी.

मग माणसाने तिथे पाऊलच ठेवू नये का? तसंही नाही; तिथली माणसं संकटात कामीही येतात. सप्टेंबर २०१८ मध्ये आपले नौदल अधिकारी अभिलाष टॉमी एकट्याने जगप्रदक्षिणा करत होते. दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात गोव्यात बांधलेल्या त्यांच्या ‘तुरिया’ नौकेची डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीला जबर दुखापत झाली. मासेमारीवर देखरेख करणाऱ्या ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं आणि आम्स्टरडॅम बेटावर नेलं. तिथल्या छोट्या तळावरच्या दवाखान्यात त्यांच्यावर उपचार झाले. पुढे भारतीय नौदलाच्या ‘आयएनएस सातपुडा’ने त्यांना तिथून घेऊन विशाखापट्टणमला आणलं.