डोक्याचा मार आणि ‘गैरवर्तणुकी’चा ठपका

(कार्यकर्ता शिबिरात केलेले भाषण)



वेतनवाढ, बोनस, कंत्राटी पद्धत या विषयांवर आपण शिबिरात नेहमीच बोलतो. आज एका वेगळ्या दुखण्याविषयी बोलायचे आहे. यंत्रात बोट गेले तर ते सर्वांना दिसते. डोक्याला मार लागून माणसाचा स्वभाव बदलला तर तो मार कोणाला दिसत नाही. दिसते ती फक्त वागणूक. आणि वागणुकीला कारखान्यात औषध नसते, आरोपपत्र असते.

प्रथम आमचीच चूक सांगतो. एका कारखान्यातला फिटर शिडीवरून पडला. टाके पडले, काही आठवडे रजा झाली, ‘कामास योग्य’ असा दाखला मिळाला आणि तो हजर झाला. पुढच्या सहा महिन्यांत तो सुपरवायझरच्या अंगावर धावून गेला, हत्यारे कुठेही टाकू लागला, सांगितलेले काम अर्ध्यावर विसरू लागला. खातेनिहाय चौकशी लागली. बचाव प्रतिनिधी आमचाच होता. आम्हाला वाटले, दारूची संगत लागली असेल. आम्ही त्याला माफी मागायला सांगितले. चौकशी अधिकाऱ्याने विचारले तेव्हा तो म्हणाला, “मी ठणठणीत आहे.” तेच वाक्य त्याच्यावर उलटले आणि तो बडतर्फ झाला. नंतर त्याची पत्नी युनियनच्या कचेरीत आली आणि म्हणाली, “पडल्यापासून हे रात्र रात्र झोपत नाहीत. कुकरची शिट्टी झाली तरी ताट भिरकावतात. आधी कधी पोरांवर हात उगारला नव्हता.” आम्ही फाईल पुन्हा उघडली. अपघाताची तारीख आरोपपत्रात नव्हती, आणि आम्ही दिलेल्या उत्तरातही नव्हती.

असे प्रथमच घडले असे नाही. या विषयावरचे सर्वांत गाजलेले उदाहरण एका रेल्वे कामगाराचेच आहे. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात १३ सप्टेंबर १८४८ रोजी फिनिअस गेज हा पंचवीस वर्षांचा मुकादम लोहमार्गासाठी सुरुंगाची दारू ठासत होता. स्फोट झाला आणि साडेतीन फुटांहून लांब, सहा किलो वजनाची पहार त्याच्या डाव्या गालातून शिरून डोक्यातून बाहेर पडली. तो वाचला, चालू-बोलू लागला. पण त्याच्यावर उपचार करणारे डॉ. हार्लो यांनी नोंदवले आहे की पूर्वीचा कुशल, मेहनती माणूस आता लहरी, हट्टी आणि शिवराळ झाला होता. ठेकेदारांनी त्याला जुन्या जागेवर घेतले नाही. येथपर्यंतची हकीगत पुस्तकांत सर्वत्र असते. पुढची फारशी सांगत नाहीत. हाच गेज नंतर चिली देशात गेला आणि तेथे अनेक वर्षे घोडागाडी हाकत होता. ठरलेली वेळ, ठरलेला रस्ता, रोजचे तेच काम यांमुळे तो बराच सावरला असावा, असे अलीकडच्या अभ्यासकांचे मत आहे. म्हणजे कामाने त्याला दुखापत केली, आणि सावरलेही बहुधा कामानेच.

हे होते कसे? कपाळामागचा मेंदू रागाला लगाम घालतो, कामाची आखणी करतो. डोके आपटले की मेंदू कवटीच्या आत हिसकतो. कपाळामागचा आणि कानशिलाजवळचा भाग जास्त दुखावतो, आतले बारीक तंतू ताणले जातात. सौम्य मार असेल तर सीटी स्कॅनमध्ये काहीही न दिसण्याचा संभव असतो. अशा मारातून बहुतेक लोक काही आठवड्यांत बरे होतात, पण काहींचा त्रास टिकतो. चिडचिड, विसराळूपणा, झोप न येणे, आवाज सहन न होणे, एकदम रडू कोसळणे, किंवा कशातच मन न लागणे. या शेवटच्या प्रकाराला आपण आळस म्हणतो. डोक्याच्या दुखापतीने रुग्णालयात दाखल झालेल्यांच्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात निम्म्याहून अधिक रुग्णांना पहिल्याच वर्षात तीव्र नैराश्य आलेले आढळले. आणि पुष्कळदा आपण बदललो आहोत हे रुग्णाला स्वतःला उमगतच नाही. आमचा फिटर खोटे बोलत नव्हता.

यावर उपचार आहेत. नैराश्यावर औषधे आहेत, रागाच्या झटक्यांवरही आहेत. मात्र डोक्याला मार लागला होता हे डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे, कारण झोपेच्या आणि गुंगीच्या काही गोळ्यांनी गोंधळ वाढतो. दारू पूर्ण बंद हवी. स्मृती आणि लक्ष सुधारण्याचा सराव, समुपदेशन, घरच्यांना समजावणे यांचे महत्त्व गोळ्यांइतकेच आहे. बंगळूरच्या निम्हान्ससारख्या संस्थेत असे उपचार होतात. कामावर परतताना आधी कमी तास, शांत जागा, एका वेळी एकच काम आणि लेखी सूचना असाव्यात. सुरुवातीला उंचीवरचे काम आणि रात्रपाळी टाळावी.

कायद्याचा आधारही आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २० नुसार नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापनेला काढता येत नाही. त्याच वेतनावर दुसरे काम द्यावे लागते. १७ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात म्हटले की, मानसिक अपंगत्व हे शिस्तभंगाच्या कारवाईमागील अनेक कारणांपैकी एक असले तरी संरक्षण मिळते. ते प्रकरण डोक्याच्या माराचे नव्हते, पण तत्त्व आपल्या उपयोगाचे आहे. खाजगी कारखान्यातील आणि कंत्राटी कामगाराला कलम २० चे हे कवच नाही. तेथे करारात कलम घालून घेणे हे आपलेच काम आहे.

म्हणून प्रत्येक युनिटने तीन गोष्टी कराव्यात. एक, डोक्याला लागलेला प्रत्येक मार, रक्त आले नाही तरी, अपघात नोंदवहीत लिहून घ्यावा. दोन, वागणुकीचे आरोपपत्र हाती आले की पहिला प्रश्न विचारावा: याला कधी डोक्याला लागले होते का? तीन, चौकशीत उत्तर देण्यापूर्वी घरच्या माणसांना भेटावे आणि वैद्यकीय तपासणीची लेखी मागणी करावी.

त्या फिटरला आम्ही माफी मागायला लावली होती. खरे तर माफी आम्ही मागायला हवी होती. तशी वेळ तुमच्यावर येऊ नये, एवढ्यासाठीच हे सांगितले.