वायां जाणारी आंच

नुकत्याच थांबलेल्या मोटारीच्या धुराच्या नळीला चुकून हात लागला, तर चटका बसतो. ती आंच आपणच पैसे मोजून घेतलेल्या इंधनाची; आणि ती वाऱ्यावर जाते. तिची वीज करतां येईल काय?

कल्पना जुनी आहे. १८२१ सालीं झेबेक या जर्मन शास्त्रज्ञानें दोन भिन्न धातु जोडून एक सांधा तापविला, तों जवळच्या होकायंत्राची सुई हलली. सांध्यांच्या तापमानांत फरक असला कीं विद्युत्प्रवाह वाहतो, हें पुढें सिद्ध झालें. १९७७ सालीं अवकाशांत सोडलेलीं व्हॉयेजर यानें प्लुटोनियमच्या उष्णतेंतून याच तत्त्वानें वीज मिळवीत आलीं आहेत.

मग सर्वत्र असें कां होत नाहीं? यासाठीं लागणाऱ्या पदार्थानें वीज जाऊं द्यावी, पण उष्णता अडवावी. नाहीं तर दोन्ही टोकें सारखींच तापतात आणि प्रवाह थांबतो. धातु दोघींनाही वाट देतो. चिनी माती दोघींनाही अडविते. बिस्मथ व टेल्युरियम यांचें संयुग हें काम बरें करतें. पण टेल्युरियम दुर्मिळ आहे. स्ट्राँशियम टिटॅनेट हा सिरॅमिक पदार्थ आंच उत्तम सोसतो. परंतु ७०० अंश सेंटिग्रेडच्या वर तापल्यावांचून तो कामास येत नसे.

येथें ग्रॅफीन पुढें आलें. ग्रॅफीन म्हणजे कार्बनचा एका अणूइतका जाड पापुद्रा. मँचेस्टर येथें २००४ सालीं तो वेगळा काढणाऱ्या गाइम व नोव्होसेलोव्ह यांना २०१० चें नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच विद्यापीठांतील संशोधकांनीं २०१५ सालीं दाखविलें कीं, लँथॅनमयुक्त स्ट्राँशियम टिटॅनेटमध्यें हजारांत अवघे सहा भाग ग्रॅफीन घातलें, तर तो पदार्थ खोलीच्या तापमानालाही काम करूं लागतो. नवल असें कीं, ग्रॅफीन स्वतः उष्णतेचें उत्तम वाहक. तरी मिश्रणांतून उष्णता पूर्वीपेक्षां कमी वाहिली, आणि वीज अधिक! पदार्थाचे कण अतिसूक्ष्म राहिले. त्यांच्या सीमांवर उष्णता अडखळली.

तथापि हुरळून जाऊं नये. अशा पदार्थाची पात्रता दाखविणारा अंक खोलीच्या तापमानाला ०.४२ भरला; बिस्मथच्या संयुगाचा तो सुमारें १ असतो. शिवाय ग्रॅफीन अखेर कोळशाचेंच भावंड. उघड्या हवेंत फार तापलें तर जळतें. संशोधकांनीं तें मिश्रण आर्गॉन व हायड्रोजन या वायूंत भाजलें होतें. मोटारीच्या नळीवर बसवावयाचें, तर त्याला हवेपासून जपणें आलेंच.

इंधनाचा खर्च आपण लिहून ठेवतों. वायां गेलेल्या आंचेचा मात्र ठेवीत नाहीं. तोही ठेवावा, एवढें तरी या प्रयोगानें शिकविलें.